सुरेंद्रच्या नावाचं पॅकेज

माझा भाऊ सुरेंद्र फुकटची कामं अंगावर घेण्यात पटाईत. जगभरची हौशी मंडळी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम चालवतात. तिच्यासाठी एका प्रोग्रामिंग भाषेचा रनटाइम, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्राम ज्याच्या जोरावर चालतात तो, आयता बसवता येईल असं पॅकेज करून द्यायचं काम यानं पत्करलेलं. तेही तीन तऱ्हांनी: एक सगळ्या सोयींचं, एक आटोपशीर आणि एक जुनाट कॉम्प्युटरांसाठी. तिसऱ्याचा खटाटोप सगळ्यात जास्त. पण उटनूरला आमच्या घरी तसलाच एक डबा होता आणि भाजीचे भाव दाखवणारा, त्याच भाषेतला सुरेंद्रचा प्रोग्राम बाबा त्यावर रोज बघायचे.

दोन वर्षांपूर्वी घाटात ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं. बाबा स्मशानातही रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी वांग्यांना पाणी द्यायला हजर. मला त्यांचा रागच आला होता.

सुरेंद्रचं काम मी घेतलं. निर्मल शहरात माझी नोकरी याच धंद्यातली. पॅकेजवर ते करणाऱ्याचं नाव असतं, नवी आवृत्ती आली की पडद्यावर दिसतं. मंडळींना सांगून मी तिथं सुरेंद्रचंच राहू दिलं. खोडायला हात धजेना.

या उन्हाळ्यात मंडळींनी कळवलं, जुन्या कॉम्प्युटरांसाठी आता सिस्टीमच निघणार नाही, तिसरं पॅकेज बंद करा. मी तावातावानं भांडले. वापरणारे दाखवा, मंडळी म्हणाली. माझ्याकडे दाखवायला एकटे बाबा. शेवटी बाबांसाठी नवा कॉम्प्युटर घेतला आणि उटनूर गाठलं.

"हा काऊन आणला, तेजे? जुना चालू हाय ना," बाबा म्हणाले.

"जुन्यावर आता पुढचं काई येणार नाई, बाबा. यावर येईन."

"यावर कसं येईन? सुरेंद्रले का माईत होतं, तू हा आणशीन म्हून?"

मला आधी कळलंच नाही.

"दोन वर्सं पाहून राह्यलो ना मी," बाबा सांगू लागले. "नवं आलं का पडद्यावर त्याचं नाव येते. पोरानं किती पुढचं करून ठेवलं! मले वाटे, आता सरलं असंन. तरी येतेच."

कुणी लावून गेलेल्या झाडाला फळं येत राहावीत, तसं ते दोन वर्षं बघत होते. चेहऱ्यावर नुसतं कौतुक. नव्या कॉम्प्युटरवरही मी सुरेंद्रचंच नाव आणू शकले असते, कोण अडवणार होतं? चार वाक्यांची थाप. पण मग बाबा आयुष्यभर त्या नावाची वाट बघत बसले असते, आणि दर खेपेला ते पाठवणारी मी. मला ते झेपलं नसतं.

"बाबा, तो गेल्यापासून हे मीच करून राह्यली. नाव फक्त त्याचं ठेवलं."

"सारं?"

"सारं."

बाबांनी त्या जुन्या पडद्यावर हात ठेवला.

"म्हंजे तो तवाच गेला," ते म्हणाले.

आणि लहान पोरासारखे ढसाढसा रडायला लागले. मी त्यांच्याजवळ खाली बसले. उगी उगी म्हणाले नाही, रडू दिलं.