सर्वेयर येईपर्यंत

मंगळवारी सकाळी ग्वाल्हेरहून निघाल्यावर डबऱ्याच्या अलीकडे ट्रकवाल्यानं एका सांडाला वाचवलं आणि विनिताचे चौतीस गालिचे नहरीत, म्हणजे कालव्यात, घातले. सांड शेपूट हलवत निघून गेला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. गालिचे मात्र तीन तास पाण्यात बसले, क्रेन येईपर्यंत. आणि क्रेन आली तेव्हा क्रेनवाल्याला आधी जेवायचं होतं.

संध्याकाळी चारला दुसऱ्या ट्रकमधून बारा गठ्ठे शेडवर परत आले. सकाळी चार माणसांनी एक गठ्ठा चढवला होता, आता उतरवायला सहा लागत होती. खालून पाणी टपकत होतं आणि त्या पाण्याला लालसर रंग होता.

तो रंग बघताच विनिता गठ्ठ्यापाशी धावली. तिच्या शेडमध्ये सात माग. सातही मागांवर आठ महिने विणलेला हा माल. दहा एप्रिलच्या आत तो मुंबईच्या बंदरावर पोचायचा आणि तिथून जहाजानं हॅम्बुर्गला. तिथल्या दुकानाची एजंट दिल्लीत बसते, तिला सगळे मॅडम म्हणतात. माल पोचला तर मॅडम पुढच्या हंगामाची ऑर्डर देणार. नाही पोचला तर भदोहीचे गालिचेवाले टपूनच बसलेत. मग सात माग बंद. इतकं सरळ होतं ते.

"बळवंतदादा, कात्री द्या. उघडू या," ती म्हणाली.

बळवंतदादा शेडचे रंगारी. त्यांनी गठ्ठ्याला हात लावला आणि बोटं हुंगली. "आजचा दिवस निघतो ताई. राती लाल पांढऱ्यात उतरतो. तिसऱ्या दिवशी वास धरतो. मग धुवा नाहीतर जाळा, सेम."

तेवढ्यात ॲक्टिव्हा आली. पुढे अंशुल, विनिताचा दीर, आणि मागे नाना. नाना म्हणजे दिनकरराव, तिचे सासरे. अडतीस वर्षं कोर्टात पेशकार होते, साहेबांच्या समोर बसून फायली पुढे सरकवायचं काम. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण कोर्ट काही त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं. घरात कपबशी फुटली तरी आधी विचारायचे, फुटताना पाहिलं कुणी.

"कात्री खाली ठेव सूनबाई."

"नाना, माल सडेल."

"विम्याचा सर्वेयर येऊन बघत नाही तोवर हा माल नाही, पुरावा आहे. पुराव्याला हात लावला की केस गेली. एका माणसानं भावाचा रक्ताचा सदरा धुऊन ठेवला. बिचाऱ्यानं मायेनंच धुतला. तिकडे आरोपी पेढे वाटत घरी."

"हा सदरा नाहीये नाना, लोकर आहे."

"कायद्याला काय फरक?"

"वहिनी, नाना सही कह रहे हैं," अंशुल हेल्मेट काढत म्हणाला. "क्लेम रिजेक्ट झाला ना, तो फिर बैठके रोते रहना."

विनितानं विमा कंपनीला फोन लावला. बारा मिनिटं सनईसारखं काहीतरी वाजलं, मग एक पोरगी बोलली. सर्वेयर झाँसी में हैं, परसों सुबह आएँगे. तब तक गीले माल का क्या करें? उसकी जानकारी मेरे पास नहीं है मॅम. और कोई सहायता? विनिताला जी सहायता हवी होती ती फोनवरून देता येण्यासारखी नव्हती. त्या क्षणी तिला कुणालातरी चिमटा काढायचा होता.

नानांनी मात्र कामाला लागून दाखवलं. गठ्ठ्यांभोवती खडूनं रेघ मारली. प्रत्येक गठ्ठ्याला लाल नाडी बांधली, वर कागद चिकटवला, त्यावर तारीख, वेळ, गठ्ठा क्रमांक. खाली साक्षीदार दोन. पहिली सही अंशुलची. दुसऱ्या सहीसाठी त्यांनी पेन विनितापुढे धरलं.

आणि तिनं केली. बाराही कागदांवर केली. भांडण नको, घरात अबोला नको, उद्या क्लेम गेला तर माझ्या माथी नको, असला सगळा विचार करून केली. नंतर तिला सगळ्यात जास्त जाळलं ते या बारा सह्यांनी.

बुधवारी दहा वाजता ती इंदरगंजला पोचली. पॉलिसी देणाऱ्या एजंटाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. भैयाजी आ रहे हैं, असं प्यून म्हणाला. साडेदहाला म्हणाला, रास्ते में हैं. अकराला म्हणाला, चाय लेंगी? खाली चौकात गाड्यांचा नुसता गोंगाट, वर पंख्याची करकर, आणि तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. लाल रंग गुपचूप पांढऱ्या बॉर्डरकडे सरकतोय, आणि ती इथे बाकावर बसलीय.

"मेरी पॉलिसी तो दिखाओ," ती शेवटी म्हणाली. "पूरी. माझ्याकडे नुसतं वरचं पान आहे."

प्यूननं कपाट उचकून एक जाडजूड गठ्ठा काढला. "ये पीछेवाले पन्ने कोई ले नहीं जाता मॅडम. रद्दी में जाते हैं."

वर मोठ्या अक्षरात मरीन असं लिहिलेलं. पॉलिसी घेतली त्या दिवशी अंशुल पोट धरून हसला होता. मरीन? ग्वाल्हेरात? स्वर्णरेखा नाल्यात जहाज उतरवणार का वहिनी? तेव्हा एजंटानं समजावलं होतं की शेडमधून निघाल्यापासून जहाजावर चढेपर्यंत माल तुमचा, धोका तुमचा, म्हणून विमा तुमचा. रस्तासुद्धा समुद्राच्याच पोटात धरतात.

विनिता बी.कॉम. होती, वाचायला घाबरत नव्हती. अक्षर मुंगीएवढं होतं. सहाव्या पानावर ती थांबली. तिथे लिहिलं होतं की नुकसान टाळणं आणि कमी करणं हे ज्याचा विमा आहे त्याचंच कर्तव्य. विमा नसता तर शहाण्या माणसानं आपला माल वाचवायला जे केलं असतं, तेच विमा असतानाही करायचं. त्यापायी होणारा वाजवी खर्च कंपनी वेगळा देईल. आणि खाली अजून एक ओळ. माल वाचवायला हात घातला म्हणून कुणी आपला हक्क सोडला असं धरलं जाणार नाही.

तिनं ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा नानांचा राग आला. तिसऱ्यांदा स्वतःचा, आणि तो नानांवरच्या रागापेक्षा मोठा होता. कागद इथेच होता. वर्षभर इथेच, या कपाटात. कुणाच्या बापानं तो उघडला नव्हता, तिनंसुद्धा.

दोन वाजता ती शेडवर आली तेव्हा नाना प्लास्टिकची खुर्ची टाकून गठ्ठ्यांसमोर बसले होते, मांडीवर पेपर. राखणच ती. तिनं सहावं पान त्यांच्या पेपरवर ठेवलं आणि मराठीत सगळं सांगितलं.

नानांनी पान लांब धरलं, जवळ धरलं. "हे असं छापील सगळ्यांनाच देतात. याचा अर्थ कसा लावायचा ते आधी वकिलाला विचारू. उद्या जाऊ."

"उद्या वास सुटेल."

"आजच सुटलाय," बळवंतदादा मागून म्हणाले, कुणाकडेही न बघता.

"नाना, एक सांगा. विमा नाहीचे असं समजा. कुठूनही छदाम येणार नाही. काल संध्याकाळी तुम्ही काय केलं असतं?"

"धुतलं असतं," नाना म्हणाले. तोंडातून निघून गेलं ते. लगेच सावरले. "पण विमा आहे ना."

"असला तरी तेच करायचं. हेच लिहिलंय."

"लिहिलेलं आणि चालणारं यात फरक असतो सूनबाई. मी अडतीस वर्षं..."

"तुमची अडतीस वर्षं खुनाची आणि हद्दीच्या भांडणाची, नाना. त्यात एकही गालिचा नव्हता."

शेडमधल्या माणसांचे हात थांबले. सासऱ्याला असं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती, आणि बोलून झाल्यावर विनिताचे कानसुद्धा गरम झाले. पण थांबली असती तर पुन्हा सही केली असती. "अंशुल, मोबाईल काढ. गठ्ठा बांधलेला असताना फोटो, उघडताना फोटो, मग एकेका गालिच्याचा दोन्ही बाजूंनी. नंबर दिसला पाहिजे."

"वहिनी, लफडा हो जाएगा."

"झालंय. आता फोटो काढ."

तिनं पहिली नाडी कापली. नाना खुर्चीवरून उठले नाहीत, पण त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

वरचे आठ गठ्ठे बरे निघाले, बावीस गालिचे. नुसते ओले आणि चिखलाळ. बोअरचं पाणी सोडलं, लाकडी फळ्यांनी रेटून रेटून गाळ काढला, कंपाउंडच्या भिंतीवर, गच्चीवर, शेजाऱ्यांच्या गच्चीवर, जिथे ऊन तिथे पसरले. पण ट्रकच्या तळाचे चार गठ्ठे उघडले आणि बळवंतदादांनी नुसती मान हलवली. बारा गालिचे. लाल रंग पांढऱ्या वेलींमध्ये असा चढला होता की वेल कुठली आणि डाग कुठला कळत नव्हतं. त्यातल्या दोन गालिच्यांच्या पाठीवर बुरशीची पिठी.

"काल उघडले असते तर?" विनितानं विचारलं.

"कशाला विचारता ताई."

"विचारतेय."

"नऊ-दहा निघाले असते. दोन गेलेच होते."

गुरुवारी सकाळी सर्वेयर आली. पुरुष येईल असं सगळ्यांनी धरलं होतं, आली तिशीची मुलगी, स्पोर्ट्स शूज घातलेली. नाव अवंतिका. "मी इंदूरची, मराठीतच बोला," म्हणाली आणि चहा नको म्हणाली. पिशवीतून ओल मोजायचं दोन काट्यांचं यंत्र काढून ती गालिच्यागणिक टोचत गेली, आकडे लिहीत गेली. बावीस झाल्यावर म्हणाली, "हे चांगलं केलंत. बहुतेक लोक माझी वाट बघत बसतात."

भिंतीशी बसलेले नाना खोकले.

मग ती बारांपाशी आली. खाली बसली, बुरशीवरून बोट फिरवलं. "माल शेडवर कधी आला?"

"मंगळवारी, चार वाजता," विनिता म्हणाली.

"उघडला कधी?"

अंशुलनं वाट बघितली नाही. "मंगळवारीच. आल्या आल्या. पूरी टीम लगा दी थी."

अवंतिकाचं पेन कागदावर टेकलं. विनितानं अंशुलकडे बघितलं, त्यानं भुवया उडवल्या, म्हणजे गप बस. आणि ती गप बसली. खरं तेच सांगायचं तर तिची मान होकारासाठी हलायला लागली होती. दोन दिवस तिनं जे भोगलं होतं त्यानंतर एवढं तर मिळायलाच पाहिजे, असं तिला वाटत होतं. बारा गालिचे, एक वार बदलायचा फक्त.

"लिहू नका," नाना म्हणाले.

ते उठून आले. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि दोन्ही हात बाजूला सोडून उभे राहिले, जसे त्यांच्यासमोर अडतीस वर्षं माणसं उभी राहिली होती.

"माझं नाव दिनकर, वय एकोणसत्तर, राहणार हरिशंकरपुरम. माल मंगळवारी आला. सूनबाई तेव्हाच उघडत होती, मी उघडू दिला नाही. सील मी केलं. उघडला बुधवारी अडीच वाजता, तो तिनं, माझं न ऐकता. मधला उशीर माझ्या सांगण्यावरून. हे लिहा, मी सही करतो."

"नाना, यार," अंशुल पुटपुटला.

अवंतिकानं सगळं लिहून घेतलं. मग अंशुलकडे वळली. "भाऊ, गठ्ठे उघडतानाचे फोटो काढले असतीलच ना? त्याच्यावर वेळ असते."

अंशुलनं मोबाईल खिशात सरकवला.

"कंपनीला तुमचं शेड दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तेवढंच दिसतं. म्हणून या विम्यात दोन्ही बाजूंनी पोटातलं ओठात असावं लागतं. हे खोटं नंतर निघालं असतं तर बारांवर भागलं नसतं, चौतीसही अडकले असते."

"आणि आता?" विनितानं विचारलं.

"नहरीनं जे बिघडवलं ते धरेन. धुण्याचा खर्चही लिहेन. पण बांधून ठेवल्यामुळे जे वाढलं ते मला वेगळं दाखवावंच लागेल. दोन क्लेममध्ये पूर्ण बसतील बहुतेक. बाकी दहांचं ठरवणारी मी नाही, कंपनी."

ती गेली. विनिताला नानांवर ओरडायचं होतं आणि ओरडायला जागा उरली नव्हती. दोन दिवस चुकीचं बोलून माणसानं नेमकं आज खरं बोलावं, आणि तेही असं, की रागावणाराच लहान दिसेल. हा कुठला न्याय, हे तिला कळेना. नाना तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "जेवून घ्या, पोळ्या डब्यात आहेत." एवढंच निघालं तोंडातून, आणि तेही कोरडं.

मग तिनं दिल्लीला फोन लावला.

"बावीस पीस टाइम पे निकलेंगे मॅडम. बारा खराब हो गए."

"एक्सिडेंट में?"

हो म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. दिल्लीला कोण फोटो बघायला येतंय. विनितानं डोळे मिटले. "दो एक्सिडेंट में. दस हमने रातभर बाँध के रखे, इसलिए. गलती हमारी थी."

 पलीकडे कळफलकाची टकटक. "बाईस भेजो. बारह दोबारा बुनोगी तो सितंबर के जहाज में लूँगी. नेक्स्ट सीज़न का अभी कुछ नहीं बोल सकती. उधर बात करके फ्रायडे को बताऊँगी."

"आज गुरुवार आहे... मतलब, कल?"

"अगले वाला."

फोन बंद झाला. आठ दिवस. अजून आठ दिवस कुणीतरी कुठेतरी ठरवणार आणि इथे सात माग रिकामे उभे. विनितानं मोबाईल इतक्या जोरात पालथा ठेवला की बळवंतदादांनी मागे वळून बघितलं.

"काय म्हणाली?"

"शुक्रवारी सांगते म्हणाली. पुढच्या."

"मग आपण?"

तिनं मागांकडे बघितलं, मग दारातल्या त्या बारा गालिच्यांकडे. "चार मागांवर ताणा चढवा दादा. बाराच्या बारा पुन्हा. आणि लाल लोकर आधी तुम्ही स्वतः पाण्यात घालून बघा, रंग उतरला तर मला त्याच दिवशी सांगा."

"ऑर्डर नाही आली पुढची तर?"

"तर तेव्हा बघू. ताणा आज चढवा."