बंद समुद्रातला बॅरोमीटर

मी एक जुना पितळी बॅरोमीटर आहे मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझ्या तोंडावर खोटं लिहिलेलं आहे. तबकडीवर डावीकडून वाचत गेलात तर 'स्टॉर्मी', मग 'रेन', मधोमध 'चेंज' आणि उजवीकडे 'फेअर'. काटा डावीकडे उतरला की वादळ, उजवीकडे चढला की छान हवा. ज्या कारागिराने हे शब्द कोरले तो एका थंड देशातल्या बंदरात राहायचा. त्याच्या गावी ते खरे असतील. सगळ्या जगाची हवा आपल्या गावासारखीच असते असं त्याला वाटलं, आणि त्याची चूक मी आजवर कपाळावर वागवतो आहे.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. तिच्यातली हवा काढून तोंड कायमचं बंद केलेलं आहे. बाहेरच्या हवेचं वजन वाढलं की डबी दबते, कमी झालं की फुगते, आणि तेवढ्यावर माझा काटा हलतो. म्हणजे मी जन्मापासून कोंडलेलाच. पण कोंडलेला असूनही बाहेरचं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी मिजास होती.

चार जहाजांवर नोकरी करून मी शेवटी एका जुनाट मालवाहू जहाजावर आलो. ज्या खोलीतून जहाज चालवतात तिच्या भिंतीवर मला ठोकलं. तिथे पडद्यावर आकडे दाखवणारी नवी यंत्रं होती, त्यामुळे माझ्याकडे कोण बघणार? बघायचा तो एकटा चंद्रप्रकाश. तो जहाजाचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. मूळचा देवगडचा, बिऱ्हाड मुलुंडला. रोज सकाळी तो यायचा आणि माझ्या काचेवर बोटाने हळूच दोन टिचक्या मारायचा. त्याला कारण आहे. माझे सांधे जुने झालेत, काटा कधीकधी अडकून बसतो. हलकी टिचकी दिली की सुटतो आणि खऱ्या आकड्यावर जातो. जोरात मारली तर मोडेल. चंद्रप्रकाशचा हात मला आवडायचा.

मग आम्ही इराणच्या आखातात अडकलो. जहाजाच्या मालकाने हात वर केले. बंदरवाले म्हणाले, जहाज बेवारस सोडता येणार नाही, माणसं वर राहिलीच पाहिजेत. किनाऱ्यापासून तीन मैलांवर नांगर टाकून आम्ही चौदा महिने उभे होतो. किनाऱ्यावरच्या इमारती मोजता यायच्या, पण उतरायची परवानगी नव्हती. अखेर सहा माणसं उरली.

तो समुद्रही आमच्यासारखाच कोंडलेला. एका अंगाला इराणचे उंच डोंगर, दुसऱ्या अंगाला वाळवंट, आणि मोठ्या समुद्रात जायला एकच अरुंद दार. पाणी उथळ, म्हणून उन्हाळ्यात झटकन तापतं आणि हिवाळ्यात झटकन निवतं. वाफ भरपूर होते, नद्या थोड्या, पाऊस नावाला, त्यामुळे पाणी खारट होत जातं. मोठ्या समुद्राचं पाणी त्या दारातून वरवर आत येतं, आणि आतलं खारट, जड पाणी तळाशी बसून हळूहळू बाहेर सरकतं. पाण्याला तेवढी तरी वाट होती. वाफेला नव्हती. वरची कोरडी हवा तिला दाबून धरायची, आणि ती पाण्यावरच घोटाळत राहायची. समोर वाळवंट दिसत होतं, तरी उन्हाळ्यात खलाशांचे शर्ट वाळायचे नाहीत.

जानेवारी आला. डिझेल पुरवून वापरायचं म्हणून पडद्यांची यंत्रं बंद केली गेली. मला वीज लागत नाही, त्यामुळे माझा भाव एकदम वधारला. कप्तान तापाने पडले होते, म्हणून हवेवर नजर ठेवायचं काम चंद्रप्रकाशकडे आलं. दोन दिवस आग्नेयेकडून दमट, कोमट वारा वाहत होता आणि माझा काटा उतरत उतरत 'चेंज'ला टेकला होता. वादळ येणार म्हणून सगळे दोन दिवस डोळ्यात तेल घालून जागे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी काटा सरसर चढला. आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. चंद्रप्रकाशने टिचकी मारून खात्री केली आणि दारातून हाक दिली, "काटो चडलो रे. वादळ गेला. निजा आता सगळे."

मित्रांनो, देवगडला हे खरं ठरलं असतं. तो उघडा समुद्र. पण बंद समुद्राची रीत निराळी. तिथे हिवाळ्यात कोमट हवा निघून गेली की तिच्या मागून वायव्येची थंड हवा येते. थंड हवा जड, तिच्या वजनाने माझा काटा चढला होता. मोकळा समुद्र असता तर ती चहूकडे पसरली असती. इथे डोंगर आडवे. म्हणून ती आखाताच्या लांबीवरून जोर धरत धावत आली, निळ्या आभाळाखाली, धूळ घेऊन. काटा चढला होता तो संकट येतंय हे सांगायला, आणि माझ्या तोंडावर लिहिलं होतं 'फेअर'.

दुपारी नांगर घसरला. जहाज खडकांकडे सरकू लागलं. चंद्रप्रकाशच्याच गावचा खलाशी धाकू झोपेतून उठून तसाच नांगराच्या यंत्राकडे पळाला आणि नांगर तळात रुतावा म्हणून त्याने आणखी साखळी सोडली. जहाज थांबलं. पण साखळी उसळली आणि धाकूचा पाय तिच्याखाली सापडला. डॉक्टरची बोट दुसऱ्या दिवशी आली. उजव्या पायाचा पुढचा भाग काढावा लागला.

पुढे जहाज भंगारात गेलं आणि माणसं सुटली. नव्या मालकाच्या माणसाने मला कचऱ्याच्या पिंपात टाकलं. चंद्रप्रकाशने मला उचललं, टॉवेलमध्ये गुंडाळलं, मुलुंडला आणलं आणि कपाटात सगळ्यात खाली, ब्लँकेटमागे कोंबलं. त्याला मी डोळ्यांसमोर नको होतो आणि टाकवतही नव्हतो. कपाटाचं दार बंद असलं तरी हवेचं वजन फटीतून आत येतंच. बाहेर काय चाललंय ते मला कळत होतं, पण विचारायला कोणी नव्हतं. त्यापेक्षा वाईट शिक्षा मला माहीत नाही.

बाहेर चंद्रप्रकाशचं तेच चाललं होतं. जहाजावरून सुटलेला माणूस दोन खोल्यांच्या घरात कोंडून बसला. खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले. मुंबईतच, मरोळला राहणाऱ्या धाकूचा फोन यायचा आणि हा घ्यायचा नाही.

"अहो, धाकूभावजींचा फोन आहे," त्याची बायको रत्नप्रभा सांगायची.

"आंघोळीला गेलोय म्हणून सांग."

"दिवसातून किती वेळा आंघोळ करतात म्हणतील ते."

असे दहा महिने गेले. मग एका सोमवारी ती म्हणाली, "भावजी रविवारी देवगडला चाललेत. कायमचे. खोली सोडतायत. जाण्याआधी एकदा भेट म्हणतात." चंद्रप्रकाशने पडदा आणखी ओढून घेतला. रविवारनंतर हा माणूस आपल्या मित्राला बहुधा कधीच भेटणार नाही, हे मला कपाटातही कळलं, आणि मला फार वाईट वाटलं. माझ्या तबकडीनेच त्याला तोंडघशी पाडलं होतं.

थंडी पडली म्हणून त्या आठवड्यात त्याच्या मुलीने, दिशाने, ब्लँकेट ओढलं आणि मी तिच्या पायाशी आलो. दिशा कॉलेजात भूगोल शिकते. तिने मला पुसलं आणि बापासमोर धरलं.

"पप्पा, हे काय आहे?"

"खोटारडं यंत्र आहे. ठेव आत." मग दहा महिन्यांत त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदा बोलला. "फेअर दाखवत होतं हे. मी सगळ्यांना झोपा म्हणालो, आणि धाकूचा पाय गेला."

दिशाने माझ्या तबकडीवरचे शब्द वाचले. मग तिने वही काढून कसल्यातरी आकृत्या पाहिल्या आणि मला कापडी पिशवीत घातलं. "पप्पा, खाली चल ना. पाचच मिनिटं. तुझ्या यंत्राचं काम आहे."

मी पिशवीत होतो म्हणूनच तो उठला असावा. सोसायटीच्या मागे दोन टॉवर शेजारी शेजारी उभे आहेत. मोकळ्या मैदानात वारा अगदी मंद होता. पण दिशा त्या दोन टॉवरांच्या मधल्या बोळात उभी राहिली आणि तिची ओढणी फडाफडा उडू लागली.

"ढग दिसतोय एक तरी? मग वारा कुठून आला?" ती म्हणाली. "तुझं आखात असंच आहे. डोंगरांमुळे हवेला पसरायला जागा नाही, म्हणून ती जोरात पळते. थंड हवा जड असते, काटा चढणारच. काटा खरं बोलत होता पप्पा. वरचे शब्द चुकीचे होते. तुझा हिशेब देवगडच्या समुद्राचा, आणि तो समुद्र वेगळा."

"म्हणजे माझी चूक नव्हती म्हणतेस?"

"चूक होती," दिशा म्हणाली. "कामचुकारपणा नव्हता."

चंद्रप्रकाश त्या वाऱ्यात तसाच उभा राहिला. त्याने तिच्या हातातून पिशवी घेतली, ती परत दिली नाही.

शनिवारी तो मला घेऊन बसने मरोळला गेला. धाकूची खोली रिकामी होत आली होती. बोचकी बांधलेली, आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर धाकू, मांडीवर काठी. चंद्रप्रकाश दारातच अडकला.

"माझ्यामुळे तुझो पाय..."

"तू सांगलंस म्हणान निजलंय नाय मी," धाकू म्हणाला. "दोन दिवस जागो होतंय. माका झोप इली होती. पाय माझो गेलो, आणि तोंड तू लपवतंस? चौदा म्हयने एका ताटात जेवलो आपण. आणि धा म्हयने तू नुसतो आंघोळ करतंस."

चंद्रप्रकाश हसायला लागला आणि हसता हसता रडला. धाकूने त्याला ओढून बोचक्यावर बसवलं.

मग धाकूने मला हातात घेतलं. खरं सांगतो, मला वाटलं हा मला देवगडला नेणार, पडवीत टांगणार, समोर उघडा समुद्र असणार. जिवाला तेवढी एकच आशा लागली होती. धाकूने मला टिचकी मारली, आकडा पाहिला आणि मला परत चंद्रप्रकाशच्या मांडीवर ठेवलं. "तुझ्याकडेच ऱ्हवांदे. रोज सकाळी आकडो बघ आणि माका फोनार सांग. मी देवगडचा आभाळ बघून सांगतंय."

तर मित्रांनो, मी मुलुंडलाच आहे. खिळ्याला टांगलेला, पोटातली डबी तशीच बंद. आता खिडकीशेजारी आहे आणि खिडकी उघडी असते, इतकाच फरक. माझ्या तोंडावरच्या शब्दांवर दिशाने कागदाची पट्टी चिकटवली आहे. फक्त आकडे दिसतात. रोज सकाळी चंद्रप्रकाश टिचकी मारतो आणि फोन लावतो.

"एक हजार तेरा," आज तो म्हणाला.

"हय वारो पडलो हा," पलीकडून धाकू म्हणाला. "समुद्र तळ्यासारखो."

तो समुद्र मी कधी पाहणार नाही. पण माझा आकडा रोज तिथे जातो.

तुमच्या घरातही कोणीतरी असं दार लावून बसलेलं असेल. त्याच्यावर जोराने हात आपटू नका, आणि कपाटात ठेवल्यासारखं विसरूनही जाऊ नका. हळूच दोन टिचक्या मारा. मग थोडं थांबा. माणसाचा काटा लगेच हलत नाही.