रिकाम्या खुर्चीची चाकं

खुर्ची हलली तेव्हा गोदामात चारशे माणसं होती आणि सगळ्यांनी पाय आत ओढून घेतले.

तशी साधीच खुर्ची. दवाखान्यात पेशंटला बसवून नेतात तसली, मागं दोन मोठी चाकं, पुढं दोन लहान. पाठीवर पांढरं कापड, बसायच्या जागी जाड निळी गादी, आणि त्या गादीवर कोणीही नाही. ढकलणारं कुणी नाही, ओढणारं कुणी नाही, दोरी नाही, उतार नाही. कोपऱ्यातून ती आपली निघाली, रांगांमधल्या वाटेनं सावकाश पुढं आली आणि मान वळवून बघावं तशी डावीकडे वळली.

"थोरले आलेत, माझे गुरू," मंचावरून बाबा म्हणाले. "देह सुटला, पण खुर्ची नाही सोडली. बाळांनो, ज्याचं बोलावणं आलंय त्याच्याचसमोर ते थांबतात. बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही."

हे ऐकून बाकीचे आणखीच घाबरले.

चौथ्या रांगेत सासूशेजारी बसलेल्या चाकवालीनं सासूचा पदर मुठीत धरला. चाकवाली म्हणजे चौकातली सायकल दुरुस्तीवाली. नवरा दूरच्या मार्गावर ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी दुकान, घर आणि सासू तिच्या भरवशावर. पंधरा वर्षं चाकांतच हात घातलेली ही बाई त्या दोन चाकांकडे बघायलाही धजत नव्हती. त्याला कारणही होतं. पहिल्या सभेत बाबांनी आव्हान दिलं होतं, "आहे कोणी कारागीर? या, तपासा!" लोकांनी हिलाच पुढं ढकललं. तिनं गादीखाली पाहिलं, पाठीमागं पाहिलं, वाकून जमिनीवर गाल टेकून पाहिलं. इंजिन नाही, साखळी नाही, पट्टा नाही. "काही नाही," ती खरं तेच बोलली होती.

तेव्हापासून वस्तीभर एकच वाक्य फिरत होतं. "अहो, चाकवालीनं स्वतः बघितलंय!"

दुसऱ्या सभेत खुर्ची इस्त्रीवाल्यासमोर थांबली. रोज इन्सुलिन घेणारा तो धट्टाकट्टा माणूस. बाबांनी सांगितलं, "औषध म्हणजे अविश्वास. थोरल्यांवर सोपव." त्यानं इंजेक्शनं बंद केली आणि आठव्या दिवशी गेला. बोलावणं खरं ठरलं. मग वस्तीच्या तोंडचं पाणीच पळालं. मुलं खुर्चीचा खेळ खेळायची आणि आया त्यांना पाठीत धपाटा घालून घरात ओढायच्या.

आणि आज ती खुर्ची चौथ्या रांगेपाशी थांबली. वळली. तिच्या पाय ठेवायच्या पट्ट्या मांडी घालून बसलेल्या सासूबाईंच्या गुडघ्यांना टेकल्या.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. "मला वाटलंच होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

"परवा दुपारी चारला पुन्हा सभा," बाबा म्हणाले. "आई इथूनच आमच्याबरोबर मठात येतील. शेवटचे दिवस थोरल्यांच्या पायाशी. आणि त्या गोळ्याबिळ्या आता कशाला?"

घरी आल्यावर सासूबाईंनी हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं रबर लावून कपाटात सगळ्यात वर ठेवली.

"आई, असं नका करू हो. डॉक्टरांनी एक दिवससुद्धा चुकवायची नाही असं बजावलंय."

"तूच तर तपासलीस ना गं ती खुर्ची? मग?"

बाहेर कुणाची हातगाडी खडखडत गेली तरी दोघी दचकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा उंच शिष्य दुकानात आला. चेहरा त्रासलेला. "पंक्चर आहे. तिकडे येऊन काढावं लागेल. आणि चाक काढायचं नाही. थोरल्यांना चालत नाही."

तिला नाही म्हणायचं होतं. पण कुणाचंही पंक्चर नाकारायचं नाही ही सवय इतकी जुनी की पाय आपोआप निघाले.

रिकाम्या गोदामात खुर्ची एकटीच उभी होती. शिष्य दाराशी फोनवर बोलत राहिला. तिनं खुर्ची एका कुशीवर टेकवली, टायर अर्धा सोडवून ट्यूब बाहेर ओढली, टाचणी शोधली, ठिगळ लावलं. हात कामात होते तोवर भीती जरा लांब उभी होती. हवा भरली आणि सवयीनं चाकाला एक गरका दिला.

चांगलं चाक गरका दिल्यावर कितीतरी वेळ फिरत राहतं. हे फिरेना. दोन फेरे घेऊन थबकलं. तिनं हातानं हळूच फिरवून पाहिलं. जरा सुटायचं, पुन्हा अडायचं, सुटायचं, अडायचं. आत बसून कुणीतरी बोट धरून ठेवतंय असं वाटलं. तिनं झटकन हात मागं घेतला. आणि त्याच वेळी चाकाच्या मधोमध असलेल्या जाड, चकचकीत डब्याशी, चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या टोकातून निघून कापडाआड गेलेली एक काळी वायर तिला दिसली.

"झालं का?" दारातून शिष्य ओरडला.

"झालं," ती म्हणाली, आणि पंप तिथंच विसरून निघाली.

ती थेट शाळेत गेली. विज्ञानाचे सर तिचं जुनं गिऱ्हाईक. मधली सुट्टी चालू होती. तिनं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "सर, आत कुणीतरी आहे. माझ्या हाताला लागलं ते. हसू नका."

सर हसले नाहीत. "ताई, तुमच्या हाताला लागलं ते खरंच आहे. आत आहेच काहीतरी." त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून परातीएवढी एक जड गोल वस्तू काढून टेबलावर ठेवली. "मोडक्या विजेच्या सायकलचं चाक. मुलांना दाखवायला उघडून ठेवलंय. बघा."

आत तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचं चक्र होतं, आणि बाहेरच्या कड्याला आतून लोहचुंबकाच्या पट्ट्या ओळीनं चिकटवलेल्या.

"आपण समजतो मोटर एका जागी आणि चाक दुसऱ्या जागी, मध्ये साखळी. इथं चाकाच्या पोटातच मोटर. दांडा फिरत नाही, वेटोळी फिरत नाहीत, बाहेरचा डबाच फिरतो. म्हणजे चाकच. तुम्ही इंजिन सगळीकडे शोधलंत, फक्त चाकात नाही."

"आणि ते बोट धरल्यासारखं?"

"चुंबक. तारेच्या आतलं लोखंड त्याला ओढून धरतं. फिरवून बघा."

तिनं फिरवलं. सुटलं, अडलं, सुटलं, अडलं. अगदी तेच.

"मग इस्त्रीवाला?" तिनं विचारलं.

सरांचा आवाज बदलला. "इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाचं इन्सुलिन बंद केलं, ताई. त्याला बोलावणं कसलं लागतंय? मला सांगा, गोदामाच्या दाराशी आत सोडताना काही विचारतात का?"

तिला आठवलं. वहीवाली गोड मुलगी. 'काही दुखणं? गोळ्या चालू आहेत?' सासूबाईंनी सगळं सांगितलं होतं, अगदी गोळ्यांच्या रंगासकट.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी तिनं सासूबाईंना परोपरीनं सांगितलं. त्या ऐकेनात. जिना चढताना त्यांना धाप लागत होती, ओठ निळसर दिसत होते. "खुर्ची वळली माझ्याकडे," एवढंच त्या म्हणत. ऐकून पटणार नव्हतं. दिसायला हवं होतं. आणि चारशे भेदरलेल्या माणसांपुढं त्या खुर्चीला हात लावायचा म्हणजे काय होईल, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

चार वाजले. गोदाम गच्च. ठरल्याप्रमाणे सर भिंतीशी, उंच शिष्याच्या बाजूला उभे. खुर्ची निघाली, चौथ्या रांगेकडे वळली, सासूबाई उठल्या.

चाकवाली मध्ये शिरली. खुर्चीच्या मागं जाऊन तिनं ढकलायच्या दोन्ही मुठी धरल्या आणि होतं नव्हतं ते बळ लावून खुर्ची मागून उचलली.

"पाप!" कुणीतरी किंचाळलं. दोघंजण तिच्या अंगावर धावले. तिनं मुठी सोडल्या नाहीत.

आणि धावून आलेले दोघं जागच्या जागी थांबले. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर, हवेत, गरगर फिरत होती.

"बघा!" ती ओरडली, आवाज चिरकला. "जमीन नाही, तरी फिरतायत! थोरले कुठं निघालेत आता?"

उंच शिष्यानं घाईघाईनं शालीतला हात हलवला. चाकं थांबली. भिंतीशी उभ्या असलेल्या सरांनी त्याचं मनगट धरून शालीबाहेर काढलं. मुठीत दोन बटणांची डबी होती.

बाबा गरजले, "भस्म व्हाल! थोरल्यांचा कोप होईल! चाकात शक्ती आहे, शक्ती!"

"आहे ना," सर म्हणाले. "गादीत बॅटरी आहे, तिची."

चाकवालीनं पांढरं कापड ओढून काढलं, चाकाच्या वायरीचा जोड उपसला आणि त्यात दुकानातला छोटा बल्ब अडकवला. तिसऱ्या खेपेला जमलं. मग खुर्ची कुशीवर टेकवून तिनं चाकाला जोरात गरका दिला.

बल्ब लागला.

"वीज दिली की हे चाक फिरतं," ती म्हणाली. "आणि चाक फिरवलं की हे वीज देतं. आता मी फिरवतेय. माझ्या हातानं. आई, तुम्ही फिरवा."

सासूबाई पुढं आल्या, वाकल्या आणि एका बोटानं चाक ढकललं. बल्ब मिणमिणला. पुन्हा ढकललं, जोरात. बल्ब झगझगला. आता लोक पुढं सरकू लागले. इस्त्रीवाल्याची बायको गर्दीतून आली, तिनंही एकदा चाक फिरवलं, बल्बकडे पाहिलं आणि खाली बसून रडायला लागली. तिच्याजवळ जायचं धाडस कुणालाच होईना. मंचावर बाबा नव्हते. मागच्या दाराशी लोकांनी त्यांना धरून ठेवलं होतं, पोलीस येईपर्यंत.

चाकवालीनं पिशवीतून पाण्याची बाटली आणि गोळी काढली. सासूबाईंनी ती घेतली.

"मग दोन दिवस मी घाबरले तरी कुणाला गं?"

"मीही घाबरले होते, आई. अजून घाबरलेलीच आहे. बघा माझे हात." तिला इस्त्रीवाल्याच्या बायकोकडे बघवत नव्हतं. "मी 'काही नाही' म्हणाले ना, तिथं चुकले. 'मला काही दिसलं नाही' म्हणायला हवं होतं."

सासूबाईंना दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी त्या घरी आल्या.

भीती वाटते, ती वाटू द्या. तिची लाज धरू नका. पण भीतीच्या सांगण्यावरून औषध सोडू नका, आणि आपलं माणूस कुणाच्या स्वाधीन करू नका. आपोआप चालणारी वस्तू कुणी दाखवली, तर हात जोडण्याआधी ती उचलून बघा. उचलू देत नसतील, तर तिथंच अर्धं उत्तर मिळालं असं समजा.