नव्याचा घास

पाखऱ्या गेला आणि आळीतल्या बायकांना त्याची फार आठवण यायला लागली. विहिरीवर घागर बुडवता बुडवता एखादी उसासा टाकी, "कसा गो शहाणा जीव!" दुसरी म्हणे, "हातावरचा गूळ नुसता ओठांनी उचलायचा. दात म्हणून कधी लावलान नाही." गंगा खाली मान घालून दोर ओढत राही. तिच्याशी कुणी बोलत नसे.

पाखऱ्या हा भागोजी टांगेवाल्यांचा घोडा. मांडवी बंदरात आगबोट लागली की उतारूंना रत्नागिरी शहरात पोचवायचं, हे त्याचं उभ्या हयातीचं काम. पुढे सर्व्हिस मोटार आली, टांगा पडवीत पडून राहिला, भागोजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पण म्हाताऱ्यानं घोडा विकला नाही. परसात उंडीच्या झाडाखाली तो उभा असायचा. दाढा झिजल्या होत्या. गवत तोंडात घोळवून त्याचा बोळा करून टाकून द्यायचा. तेव्हा भागोजींच्या सुनेनं, गंगेनं, त्याचं खाणंपिणं हातात घेतलं. कुळीथ मऊ शिजवायचे, त्यात भाताचा कोंडा नि चिमटीभर मीठ कालवायचं आणि कोमट असताना थोडं थोडं पुढ्यात ठेवायचं. भागोजी काठी टेकत येत आणि तो खातानाचा आवाज ऐकत बसत.

गंगेला मूल नव्हतं. नवरा धोंडू मुंबईला गिरणीत. शिमग्याला यायचा आणि पालखी देवळात गेली की परत जायचा. सासूनं, येसूबाईंनी, त्याच्यासाठी जयगडची एक मुलगी हेरून ठेवली होती. तो विषय निघाला तेव्हा भागोजी एकदाच कडाडले होते, "पाखऱ्याच्या तोंडात घास कोण घालील? तू? तो हाय तवर गंगा या घरात माझी सून हाय. मागनं काय ते करा." तेव्हापासून गंगा तुळशीला पाणी घालताना नवऱ्याच्या आधी घोड्याचं आयुष्य मागायची.

येसूबाई नेमधर्माच्या. सोमवार, संकष्टी, एकादशी, काही चुकायचं नाही. दसऱ्याला दारी भाताच्या लोंब्या बांधल्या की नव्या तांदळाचा पहिला घास पाखऱ्याला द्यायचा आणि मगच घरात नवं खायचं, हाही त्यांचाच नेम. पाखऱ्याच्या शेवटच्या दसऱ्याला आळीतल्या साऱ्या बायकांनी तो नेम उचलला. पाखऱ्याला आंघोळ घातली, गळ्यात झेंडूची माळ आली, कपाळाला कुंकू लागलं. पुरुषमाणसं, भागोजीसुद्धा, देवळात सोनं वाटायला गेली होती. परसात ताटांमागून ताटं येऊ लागली. नव्या तांदळाची खीर, वडे, गूळखोबरं. कुणी तर सूपभर भातच घेऊन आली, टरफलासकट.

गंगा आडवी आली. "आत्याबाय, पाया पडते. नुसतं ओठाला लावा न् काढून घ्या. ह्याला दाढा नाहीत. पोटात फुगेल ते."

"बघा गो," सखू हसली, "घोडा जसा हिच्या बापानं आंदण दिलान!"

"स्वतःच्या कुशीत काय राहत नाही," चिमा म्हणाली, "म्हणून दुसऱ्याच्या तोंडचा घास धरून ठेवते."

येसूबाई कधी आवाज चढवत नसत. त्या मऊपणानं म्हणाल्या, "गंगे, देवाचा नैवेद्य अडवू नये. सरक बघू."

ती सरकली नाही तेव्हा दोघींनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. म्हातारा पाखऱ्या गोडाच्या वासानं हावरा झाला होता. एकेका ताटात त्यानं तोंड घातलं. बायका कौतुकानं त्याच्या मानेवरून हात फिरवत होत्या.

दिवेलागणीला तो वळून वळून आपल्याच कुशीकडे बघायला लागला. बसायचा, उठायचा, खुरानं माती उकरायचा. गंगेनं ओवा-हिंगाचं पाणी पाजलं, पोट चोळलं, दोर धरून परसात फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उंडीखाली आडवा झाला तो उठलाच नाही. पोट नगाऱ्यासारखं टणक झालं होतं.

भागोजींनी त्या पोटावर हात ठेवला. "काय खाल्लान ह्यानं?"

सगळ्या बायका तिथेच उभ्या होत्या.

"खाणं तर गंगाच घालते," पदरानं डोळे टिपत येसूबाई म्हणाल्या. "तिलाच विचारा."

"मामंजी, काल नव्याचं…" गंगा सांगू लागली. "सगळ्यांनी ताटंच्या ताटं…"

"काय बाई बोलणं!" सखू म्हणाली. "मी नुसतं ओठाला लावलं न् काढून घेतलं."

"मीपण," चिमा म्हणाली. "ओठालाच." मग एकेक करून सगळ्यांनी तेच सांगितलं.

"हीच मधी आडवी आली होती," चिमा पुढे म्हणाली. "भरल्या ताटांवर हिची नजर पडली. ती बाधली जनावराला."

भागोजींनी घोड्यावरचा हात काढून घेतला. काठी चाचपून ते उठले. मग म्हणाले, "येसू, जयगडला निरोप धाड."

गंगेच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. म्हणून तिला ठेवून घेतलं, पाणी भरायला आणि रांधायला. शिमग्याला धोंडू आला तेव्हा जयगडची मालन सवत होऊन आली. पुढच्या दसऱ्याला ती पोटुशी होती.

पाखऱ्याला पुरलं होतं तिथे येसूबाईंनी जांभ्याचा दगड बसवून त्याला शेंदूर फासला होता. दसऱ्याला ताटं तिथे आली. नैवेद्य दाखवून झाला, आणि गंगेनं रांधलेली खीर द्रोणातून खाताना बायकांना पाखऱ्या आठवला.

"माझं सूप तर चाटूनपुसून साफ केलान," सखू म्हणाली. "तृप्त होऊन गेला गो."

"तुझं सूप मागनं. आधी माझ्या ताटातली सगळी खीर खाल्लान. मी तर आणखी आणून घातली."

"त्याचा जीव माझ्या वड्यांवर. मोजले नाहीत, पण टोपली रिकामी केलान!"

वाढता वाढता गंगेचा हात थांबला. तिनं दगडाशेजारी द्रोण घेऊन बसलेल्या भागोजींकडे पाहिलं. डोळ्यांनी त्यांना दिसत नव्हतं, कान मात्र तिखट होते. त्यांचा घास तोंडाशी थांबला होता. सखूनं चिमाला कोपरानं ढोसलं. पलीकडे मालन पोटावर हात ठेवून पाटावर बसली होती, आणि येसूबाई तिला वारा घालत होत्या.

भागोजींनी तो घास गिळला. द्रोण पुढे केला.

"गंगे," ते म्हणाले, "खीर वाढ आणखी. चांगली झालेय."