पांढरी टेप

"हात काढा जावईबापू, हे इंजिन आहे, तुमचं ऑफिसातलं टेबल नाही," असं म्हणत मिस्त्रींनी जावयाच्या हातातली टॉर्च जवळजवळ हिसकावूनच घेतली.

इंजिन आत्ता कुठे सुरू केलं होतं, गारच होतं. तरी तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला होता आणि अलार्म कोकलत होता. मिस्त्रींनी इंजिनावर तळहात टेकवला, मग सेन्सरची वायर उपटली. काटा झटक्यात खाली आला.

"सेन्सर गेलाय तुमचा. माझ्या हाताला कळतं ते याला कळत नाही, आणि म्हणे आधुनिक बोट!"

मिस्त्रींच्या लेखी जगात एक स्वतः ते सोडले तर सगळे बिनडोक होते. दुकानदार चोर, बोटी बांधणारे आंधळे, आणि जावई म्हणजे सगळ्यांवर कडी. चांगली खुर्चीवरची नोकरी सोडून यानं प्रवासी बोट घेतली, आणि पाना धरतो कसा, तर पेन धरल्यासारखा! पण हल्ली मिस्त्रींना या बिनडोकाखेरीज कोणी बोलावत नव्हतं. बाकीच्या बोटी एकेक करत नव्या वर्कशॉपकडे गेल्या होत्या. आज सकाळी तर लेकीनं तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, आज जमलं नाही तर इंजिन वर्कशॉपला देणार. माणसं बसतात बोटीत." मिस्त्री हसले होते, पण आतून चांगलेच टरकले होते.

जावयानं दुकानातून आणलेला नवा सेन्सर हातात घेऊन त्यांनी त्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळत गेले, गुंडाळत गेले.

"बाबा," जावई चाचरत म्हणाला, "याला एकच वायर आहे. अर्थिंग आट्यांतूनच मिळतं ना? टेपमुळे ते तुटेल."

"टेपमुळे पाणी गळणार नाही! तुम्ही दुपट्यात होता तेव्हापासून टेप लावतोय मी."

सेन्सर बसला. इंजिन चालू झालं, तापलं, हात ठेववेना इतकं तापलं. काटा मात्र जागचा हलला नाही.

"गळ्यात भंगार मारलं दुकानदारानं! आणि आणलं कोणी? तुम्हीच. बंद करा ते इंजिन."

तणतणत ते धक्क्यावर चढले. तिकिटाच्या खिडकीत लेक बसली होती.

"म्हणजे झालं नाही?" तिनं विचारलं.

मिस्त्रींनी दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळा उद्धार ऐकून घेऊन ती म्हणाली, "झालं नाही, असंच ना?" मिस्त्री खिडकीची चौकट धरून उभे राहिले.

थोड्या वेळानं खालून इंजिनाचा आवाज आला, आणि मागोमाग हाक, "बाबा, काटा चढला!"

मिस्त्री उतरले, लेकही मागे आली. काटा जिथे असावा तिथे ऐटीत उभा होता.

"वायर सैल होती," जावई म्हणाला. "मी फक्त दाबली."

"पण बिघाड काय होता?" लेकीनं विचारलं.

"सेन्सरच. बाबांनी बरोबर ओळखला. वर्कशॉप कशाला हवं? बाबा आहेत की."

इंजिनाखालच्या पाण्यात पांढऱ्या टेपचा गुंता तरंगत होता. जावयाची बाही ओली होती, आणि जो हात तो पाठीमागे लपवू पाहत होता त्याची बोटं भाजून लाल झाली होती. उकळतं पाणी अंगावर घेत यानं सेन्सर पुन्हा उघडला होता, आपण वर असेपर्यंत घाईघाईनं. सवयीनं एक टोमणा मिस्त्रींच्या जिभेवर आला आणि तिथेच वाळला. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला. इतकी वर्षं ज्या तुच्छतेच्या आधारानं ते ताठ उभे होते, ती या माणसानं किती अदबीनं काढून घेतली होती!

लेक वर गेली. मिस्त्रींनी गार पाण्याची बादली भरून आणली आणि जावयापुढे ठेवली.

"हात बुडवून ठेवा," ते म्हणाले.

मग ते हत्यारांची पेटी आवरायला बसले. त्यांच्या पेटीला दुसऱ्याचा हात लागला तर ते धक्का डोक्यावर घेत. आत मोठा पाना भलत्याच खणात ठेवलेला होता, नीट पुसून. मिस्त्रींनी तो तिथेच राहू दिला आणि झाकण लावलं.