छातीभर पाणी

“उभा राहिला! अहो, उभा राहिला!”

जलबाबांच्या मठातल्या हौदाभोवती एकच गलका झाला. छातीभर पाण्यात माझा धाकटा भाऊ उभा होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर ज्याला खाटेवरून उठवायला दोघं लागत, तो! भावजय हमसून हमसून रडत होती. काठावरून जलबाबा गरजले, “मंतरलेलं पाणी आहे हे! पण जमीन ही शक्ती ओढून घेते. घरी याचा पाय भुईला लागता कामा नये. व्यायाम तर मुळीच नाही!”

भावजयीने ते ब्रह्मवाक्य मानलं. घरात त्याला खुर्चीसकट उचलायचं, पायाखाली सतत उशी. भाऊ शिंपी, पायमशीन चालवून पोट भरणारा. तो पाय काडीसारखा होत चालला होता आणि आम्ही टाळ्या पिटत होतो. मी तोंड उघडलं की भावजय म्हणायची, “वन्सं, बाबांनी बजावलंय, शंका काढली की आलेला गुण जाईल.”

शेवटी मी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना घरी आणलं. पाय पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. “आता कुठे हा पाय शिकायला तयार होता, आणि तुम्ही त्याला उशीवर झोपवलंत?”

पुढच्या खेपेला त्या स्वतःच भावाबरोबर हौदात उतरल्या. “दादा, मी धरलंय. घाबरणार नाही ना?”

“करा काय ते. मलाही कळू दे एकदा,” भाऊ म्हणाला.

बाईंशी आधीच ठरल्याप्रमाणे मी हौदाचं बूच उपटलं. पाणी छातीवरून कमरेला आलं, कमरेवरून मांडीला. भावाचा गुडघा लटपटला, वाकला. बाईंनी त्याला अलगद पायरीवर बसवलं.

“शक्ती गेली!” बाबा किंचाळले. “या बाईच्या पापी नजरेनं गेली! आता मोठा जप घातल्याशिवाय यायची नाही!”

“थांबा, आत्ता आणते,” म्हणत मी बूच लावलं आणि बागेतल्या नळाची नळी हौदात सोडली. हौद भरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. बाबा मंत्र पुटपुटू लागले, तेव्हा गर्दीतलाच एकजण खेकसला, “बाबा, गप्प बसा हो! बघू द्या.”

पाणी पुन्हा छातीभर झालं. बाईंचा हात धरून भाऊ पायरीवरून उतरला आणि पुन्हा उभा राहिला. साध्या नळाच्या पाण्यात!

बाई म्हणाल्या, “छातीभर पाण्यात अंगाचं बरंचसं वजन पाणीच उचलतं. म्हणून दुबळा पायही उभा राहतो. पाण्यातला व्यायाम चांगलाच, आम्हीही करून घेतो. पण चालायचंय ते जमिनीवर. तिथलं वजन पेलायला पायानं जमिनीवरही शिकायला हवं.”

घरी आल्यावर भावजयीने उशी काढून नवऱ्याचा पाय फरशीवर टेकवला. इतके दिवस वाया गेले म्हणून ती मग माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मला बाबांचा भयंकर संताप आला.

भाऊ आता आधाराने चार पावलं टाकतो. गेलेले दिवस मात्र कुठल्याच नळीने भरून येत नाहीत. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर एवढंच करा. जो शंका काढायला बंदी करतो, त्यालाच आधी प्रश्न विचारा. आणि आजच विचारा.