बाबांची संमती आलेली नाही

बाबांचा आवाज सोमवारी सकाळी पुसला गेला. पण ते सोडा, झालंच नाही असं समजू. आज शुक्रवार आहे, आवाज कंपनीच्या सर्व्हरवर सुखरूप आहे आणि साहेब चहात बिस्कीट बुडवून बसले आहेत.

"यादीत एकच ग्राहक लोंबकळतोय," साहेब म्हणाले. "काय गं होय-नाही, याचं काय करायचं?"

होय-नाही हे तिचं ऑफिसातलं नाव. पंखे विकणाऱ्या त्या कंपनीच्या वेबसाइटवर शिरलं की 'तुमची माहिती साठवू का? होय / नाही' अशी चौकट आडवी येते, ती तिने लिहिलेली. लोक ती न वाचता दाबतात.

आता नवा कायदा आला होता. ग्राहकांचे रेकॉर्ड केलेले फोन ठेवायचे तर त्यांची संमती हवी. सगळ्यांना ईमेल गेले. उत्तरच आलं नाही तर काय, हे ठरवणं तिच्या गळ्यात पडलं. तिने एका ओळीत नियम लिहिला: गप्प राहणं म्हणजे नकार. नकारवाल्यांचे फोन सोमवारी पुसायचे होते. साहेबांनी पाठ थोपटली होती.

"हा ग्राहक माझे बाबा आहेत, सर."

"अरे वा! मग फोन लाव की. बटण दाबा म्हणावं."

"ते गेले. मागच्या वर्षी."

बिस्कीट चहात पडलं. साहेबांनी दोघांसाठी मिळून थोडा शोक केला. "मग तू वारस. तूच हो म्हण."

"वारसाला पुसून घेता येतं, सर. ठेवून घेता येत नाही. तेही मीच लिहिलंय."

"जरा कमी लिहायचंस."

घरच्या सगळ्या व्हिडिओंत बाबा कॅमेऱ्यामागे, आणि कॅमेऱ्यामागे ते श्वाससुद्धा जपून घ्यायचे. त्यामुळे त्यांचा आवाज जगात या एका तक्रारीच्या फोनपुरताच उरला होता. तिने हेडफोन लावले.

"हॅलो, पंखा आवाज करतोय."

"कसला आवाज, काका?" तक्रार विभागातली मुलगी.

"आता नाही करत. तुम्ही फोन उचललात ना, थांबला. बरं, माझी मुलगी तुमच्याकडेच आहे, वरच्या मजल्यावर. माझा फोन घेत नाही. कामात असेल. तिला म्हणावं, जेवून घे."

"काका, तक्रार काय नोंदवू?"

"नोंदवा की. मुलगी जेवत नाही, असं नोंदवा."

नोंद झाली होती: 'पंखा, आवाज. निवारण झाले.'

तिला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून तिने पुन्हा ऐकलं. तरी नाही. मग जेवणाची सुट्टी झाली म्हणून ती जेवली.

"कॉपी करून घे," साहेब हळूच म्हणाले. "मी खिडकीबाहेर बघतो."

"कॉपी केली की सिस्टीम तुम्हाला कळवते, सर."

"मला?"

"मग तुम्ही मला नोटीस काढायची."

"मी?"

साहेब तरीही खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. तिचा हात माउसवर होता. तो तिथेच राहिला.

घरात बाबांचं गप्प राहणं म्हणजे हो. तिने केस कापले, बाबा गप्प. शिक्षण अर्धवट सोडलं, गप्प. ही नोकरी धरली, तेव्हाही. सगळं त्यांच्या गप्प राहण्यावर झालं. नियम लिहिताना हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी सोमवार आलाच. प्रोग्रॅम चालला, पडद्यावर हिरवी खूण उमटली. पुसून झालं की ग्राहकाला पत्र जातं. ठरलेला मजकूर तिने खोडला आणि नवा लिहून बाबांच्या पत्त्यावर पाठवला:

'आदरणीय ग्राहक, आपला आवाज आता आमच्याकडे शिल्लक नाही. तो पुन्हा साठवता यावा यासाठी आपण सवडीने तक्रार क्रमांकावर फोन करावा. पंखा नादुरुस्त असण्याची अट शिथिल करण्यात आली आहे. आपली मुलगी जेवल्याची नोंद घ्यावी. फोन करणे शक्य नसल्यास, आपले गप्प राहणे पूर्वीप्रमाणे होकार समजण्याची लेखी परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.'